दशांशाचा पूर्णांक करताना रुपया कुठे जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांची कळमना बाजारात धान्याची अडत आहे. पुतण्या नागपुरातच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने काकांसाठी पायथॉनमध्ये शेतकऱ्यांच्या पट्टीचा, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठीचा, प्रोग्रॅम लिहिला आणि रकमेतले पैसे काढून पूर्ण रुपये करायला 'इंट' वापरलं. मुनीमजींच्या वहीशी रोज थोड्या रुपयांचा फरक पडायला लागला. मग 'इंट'च्या जागी 'राउंड' घातलं. फरक कमी झाला, पण गेला नाही. मित्राने तोच हिशोब जावामध्ये करून पाहिला तर त्याचं उत्तर तिसरंच. आता तो विचारतो आहे, "ताई, दशांश संख्येचा पूर्णांक करायची बरोबर पद्धत नेमकी कोणती?"

इतवारी-कळमन्यातल्या व्यापाऱ्यांचे हिशोब आणि बुटीबोरीतल्या कारखान्यांची पगारपत्रकं यांचं सॉफ्टवेअर लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. रुपयाचा फरक हा या कामातला सगळ्यात चिवट आजार आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. 'दशांशाचा पूर्णांक करणं' अशी एकच क्रिया नसते. निदान चार वेगवेगळ्या क्रिया आहेत आणि प्रत्येक भाषा न विचारता त्यातली एक तुझ्या गळ्यात घालते. संख्यारेषा म्हणून आपल्या मेट्रोची ऑरेंज लाइन घे. झिरो माइल म्हणजे शून्य, कामठी रोडकडची स्टेशनं धन, वर्धा रोडने खापरीकडे जाणारी ऋण. गाडी दोन स्टेशनांच्या मधे उभी आहे आणि तिला कुठल्या तरी स्टेशनावर आणायचं आहे. पहिला नियम असा, की जिथे असशील तिथून झिरो माइलच्या दिशेने ये. यात दशांश भाग नुसता छाटला जातो, म्हणजे २.७ चे २ आणि −२.७ चे −२. दुसरा नियम, कायम खापरीकडे जा. हा फ्लोअर, यात २.७ चे २ पण −२.७ चे −३. तिसरा, कायम कामठीकडे जा. हा सील, यात २.७ चे ३ आणि −२.७ चे −२. चौथा, जे स्टेशन जवळ असेल तिथे जा. हे राउंड, आणि गाडी बरोब्बर मधोमध उभी असेल तर काय करायचं याचे पुन्हा तीन-चार पोटनियम. तुझा रुपया बराचसा तिथेच अडकला आहे.

पायथॉनचं इंट छाटतं. सी, सी++, जावा, गो, रस्ट यांतलं साधं रूपांतरही छाटतंच. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी २०१५पासून 'मॅथ.ट्रंक' आहे. एक्सेलमध्ये मात्र सांभाळून. तिथलं 'इंट' म्हणजे फ्लोअर आहे आणि छाटायला वेगळं 'ट्रंक' आहे. नाव तेच, काम निराळं. सी-शार्पमध्ये २.७ समोर कंसात इंट लिहिलंस तर २ येतात, 'कन्व्हर्ट'चं फंक्शन वापरलंस तर ३. डेटाबेसमध्ये तर त्याहून गोंधळ. २.७ ला 'कास्ट' करून पूर्णांक मागितला की एसक्यूएल सर्व्हर २ देतो, ओरॅकल, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस ३ देतात. पोस्टग्रेसमध्ये आणखी एक मेख आहे. तोच २.५ 'न्यूमेरिक' या नेमक्या दशांश प्रकारातला असेल तर ३ होतो आणि 'डबल प्रिसिजन' या दोनच्या पायावर साठवलेल्या प्रकारातला असेल तर २. म्हणून एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर प्रोग्रॅम हलवताना मी सगळ्यात आधी हेच शोधते.

आपल्या हिशोबात ऋण संख्या कुठून येणार, असं वाटेल. पण शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी उचल घेतलेली असते. मालाच्या रकमेतून उचल, हमाली, तोलाई वजा झाली की निव्वळ रक्कम कधी कधी उणे होते. समजा −३५०.६० आली. पायथॉनचं इंट तिचे −३५० करेल आणि काकांच्या एक्सेल शीटमधलं इंट −३५१ करेल. दोन्हीकडे शब्द एकच लिहिलेला, त्यामुळे चूक डोळ्यांनी दिसत नाही.

आता छाटण्याबद्दल. पैशाच्या हिशोबात ते जवळजवळ नेहमी चूक असतं, कारण फरक एकाच बाजूला साचत जातो. राउंड करताना कधी चार आणे इकडे, कधी चार आणे तिकडे, आणि ते बरंचसं एकमेकांत जिरतं. छाटताना मात्र दर ओळीला सरासरी अर्धा रुपया जातो आणि तो कायम देणाऱ्याच्या खिशात राहतो. दहा हजार ओळींच्या हंगामात पाच हजारांच्या आसपास रक्कम शेतकऱ्यांच्या पदरातून जाते आणि कुणी घेतल्याचं दिसतही नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजारात हे मोठ्या प्रमाणावर झालं होतं. १९८२च्या जानेवारीत त्यांनी १,००० वर नवा निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढायचा आणि दशांशानंतरचे तीन अंक ठेवून पुढचे छाटायचे. दिवसातून हजारो वेळा हे चाललं. बाजार ठीक चालला असताना निर्देशांक घसरत घसरत नोव्हेंबर १९८३पर्यंत सव्वापाचशेच्या आसपास आला. राउंड करून पुन्हा मांडल्यावर खरा आकडा १,०९८च्या वर निघाला. एका वेळी गेलेला भाग एक हजारांशाहूनही लहान होता!

मग तू राउंड घातलंस तरी फरक का राहिला? पायथॉनमध्ये राउंड करून बघ. २.५ चे २ येतील, ३.५ चे ४, आणि ४.५ चेही ४. मधोमध असेल तर जवळच्या सम संख्येकडे जायचं, असा हा नियम. पायथॉन २ मध्ये हे नव्हतं, तिसऱ्या आवृत्तीपासून आलं. नियमात खोट नाही. मोठ्या आकडेमोडीत अर्ध्याची भर सतत वरच पडू नये म्हणून तो केलेला आहे, आणि फ्लोटिंग पॉइंटच्या, म्हणजे यंत्रात दशांश संख्या साठवायच्या नेहमीच्या पद्धतीच्या, आयईईई ७५४ मानकातही मूळ नियम हाच आहे. जावाचं 'मॅथ.राउंड' अर्ध्याला कायम वरच्या बाजूला नेतं, त्यामुळे २.५ चे ३ पण −२.५ चे −२. जावास्क्रिप्टचंही तसंच. सी मधलं राउंड अर्ध्याला शून्यापासून लांब नेतं, म्हणून तिथे −२.५ चे −३. एक्सेलच्या शीटमधलं राउंड सी सारखं वागतं, पण त्याच एक्सेलच्या मॅक्रोमधलं राउंड पायथॉनसारखं! मित्राचं उत्तर तिसरंच आलं याचं कारण हे. सगळ्या भाषा आपापल्या नियमाने बरोबर आहेत. काकांच्या दुकानाचा नियम कोणता, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

आणि तो नियम आपण ठरवायचा नसतो, बहुतेक वेळा तो आधीच ठरलेला असतो. जीएसटीचंच घे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७च्या कलम १७० मध्ये स्पष्ट लिहिलंय, की कराची रक्कम जवळच्या रुपयात करायची, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे. म्हणजे ८,१५०.५० चे ८,१५१ व्हायला हवेत. पायथॉनचं राउंड ८,१५० देईल, कारण तो आकडा सम आहे. मुनीमजी पिढ्यान्‌पिढ्या आठ आण्यांना पुढचा रुपया धरत आलेत, त्यामुळे वही बरोबर आणि प्रोग्रॅम चूक.

पगारपत्रकात तर एकाच माणसाच्या एकाच ओळीत दोन नियम चालतात. १२,४२० रुपये पगारावर १२ टक्क्यांनी भविष्य निर्वाह निधी १,४९०.४० होतो. तो जवळच्या रुपयात करायचा, म्हणून १,४९०. त्याच पगारावर कामगाराची ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) वर्गणी ०.७५ टक्क्याने ९३.१५ होते. तिथे मात्र नियम पुढचा रुपया धरण्याचा, म्हणून ९४. जिथे तिथे राउंड लिहिणाऱ्याचा ईएसआयचा भरणा कमी जातो आणि जिथे तिथे सील लिहिणारा कामगाराचा पीएफ जास्त कापतो.

आता दुसरं दुखणं, जे पहिल्याहून खोल आहे. नियम बरोबर निवडलास तरी हातातली संख्याच तुला वाटते ती नसते. फ्लोट, म्हणजे फ्लोटिंग पॉइंटची संख्या, यंत्रात दोनच्या पायावर साठवतात. त्या पद्धतीत ०.५, ०.२५, ०.७५ नेमके बसतात, पण ०.१ किंवा ०.२९ बसत नाहीत. दहाच्या पायावर एक तृतीयांश लिहिताना ०.३३३ कधी संपत नाही, तोच प्रकार. पायथॉनमध्ये ०.२९ ला १०० ने गुण, उत्तर २८.९९९९९९९९९९९९९९६ येतं. त्याचे पैसे करायला इंट लावलंस की २८. एक पैसा गेला. उलट ०.२८ ला १०० ने गुणलंस तर २८.००००००००००००००४ येतात. त्यावर सील लावलंस की २९. एक पैसा आला. लागोपाठचे दोन आकडे, एक खालून चुकतो, दुसरा वरून. छाटणं, फ्लोअर आणि सील हे तिन्ही या बारीक चुकीपुढे हतबल आहेत, कारण पूर्णांकाच्या किंचित अलीकडे-पलीकडे झालं की ते पूर्ण एकाने उडी मारतात.

यावर लोक उपाय म्हणून ०.५ मिळवून छाटतात. हे जुनं कॉलेजातलं तंत्र तुझ्याही वहीत असेल. ऋण संख्येला ते फसतं. −२.७ मध्ये ०.५ मिळवले की −२.२, छाटले की −२, आणि यायला हवे होते −३. नवीन प्रोग्रॅममध्ये हे लिहू नकोस.

पैशाच्या कामात खरा उपाय म्हणजे दशांशात शिरायचंच नाही. रुपये पैशात ठेवायचे, किलो ग्रॅममध्ये ठेवायचे, आणि सगळं पूर्णांकातच करायचं. एक पट्टी हाताने करून बघू. सोयाबीन १८७.३५ किलो, भाव क्विंटलला ४,३५० रुपये. वजन १,८७,३५० ग्रॅम, भाव ४,३५,००० पैसे. गुणाकार ८१,४९,७२,५०,०००. क्विंटलमध्ये एक लाख ग्रॅम, रुपयात शंभर पैसे, म्हणून पूर्ण रुपये हवे असतील तर एक कोटीने भागायचं. भागण्याआधी भाजकाचा निम्मा, म्हणजे पन्नास लाख, मिळवायचा आणि पूर्णांक भागाकार करायचा, पायथॉनमध्ये दोन तिरप्या रेषांचा. उत्तर ८,१५०. खरी रक्कम ८,१४९.७२५ आहे, म्हणजे बरोबर. इथे निम्मा मिळवणं चालतं, कारण सगळे आकडे धन आणि नेमके आहेत. उणे रक्कम असेल तर चिन्ह बाजूला ठेवून हाच हिशोब करायचा आणि शेवटी चिन्ह परत लावायचं. ऋण संख्येवर भाषांचं पुन्हा पटत नाही. पायथॉनमध्ये −७ ला २ ने पूर्णांक भागाकार केला तर −४, सी आणि जावामध्ये −३.

या उदाहरणात मी एक गोष्ट मुद्दाम ठेवली आहे. वरचा गुणाकार आठ हजार कोटींच्या पुढे गेला. जावातल्या 'इंट' नावाच्या साध्या पूर्णांक प्रकारात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. मित्राने तिथे इंट वापरला असेल तर गुणाकार गुपचूप उलटून भलताच आकडा येईल, एररही येणार नाही. तिथे 'लाँग' हा मोठा पूर्णांक प्रकार हवा. पायथॉनच्या पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. फ्लोटवरून इंटमध्ये येताना न मावणारी संख्या आली तर काय, हेही भाषेगणिक वेगळं. जावा सगळ्यात मोठा इंट देऊन गप्प बसतं, रस्ट २०२०पासून तसंच करतं, सी मध्ये काय होईल याची भाषा हमीच देत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं, त्याच्या मुळाशी हेच रूपांतर होतं. ६४ बिटांची फ्लोट संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात घातली, आणि त्यात ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. एरियान ४ मध्ये तोच प्रोग्रॅम नीट चालला होता, कारण तिथे आकडा तेवढा वाढतच नव्हता.

पूर्णांकात मांडणं अवघड जात असेल, टक्केवारी वगैरे फार असेल, तर पायथॉनमध्ये 'डेसिमल' आणि जावामध्ये 'बिगडेसिमल' वापर. तिथे दहाच्या पायावरच हिशोब होतो आणि 'राउंड हाफ अप' असा नियम नाव घेऊन सांगता येतो. पुढे तुझा प्रोग्रॅम वाचणाऱ्यालाही तो दिसतो. फक्त संख्या अवतरणचिन्हात, मजकूर म्हणून दे. फ्लोटवरून डेसिमल बनवलंस तर फ्लोटमधली चूक जशीच्या तशी आत येते.

मजकुराचा विषय निघालाच आहे तर काट्यावरून आणि फॉर्मवरून येणाऱ्या आकड्यांकडे नीट बघ. पायथॉनमध्ये '१२.५०' या मजकुराला थेट इंट लावलं तर एरर येते, आणि ते चांगलंच आहे. जावास्क्रिप्टचं 'पार्सइंट' मात्र जमेल तेवढं वाचतं आणि पुढचं सोडून देतं. '१,२५,०००' आपल्या पद्धतीने, पण इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम देऊन लिहिलं असेल तर ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं आणि सव्वा लाखाचा एक रुपया होतो. मराठी अंकांचंही लक्षात ठेव. पायथॉनचं इंट देवनागरीतलं '१२३' बिनतक्रार वाचतं, जावाचं 'पार्सइंट'ही वाचतं. जावास्क्रिप्ट वाचत नाही. मुनीमजींना मराठी अंकांत टंकायची सवय असेल तर स्क्रीनवर स्वीकार, पण आत घेताना एकदाच रूपांतर करून घे.

राहिला तुझा सगळ्यात नेहमीचा रुपया. पट्टीत तीन ओळी आहेत, १,२०४.४०, २,३१०.४० आणि १,८७५.४०. प्रत्येक ओळ रुपयात करून बेरीज घेतलीस तर ५,३८९. आधी बेरीज करून शेवटी रुपयात केलंस तर ५,३९०.२० चे ५,३९०. दोन्हीकडे राउंड बरोबर आहे, जागा वेगळी आहे. मुनीमजी कुठे करतात ते त्यांच्याजवळ बसून बघ, विचारू नकोस. हात चालतो तसा ते हिशोब करतात आणि विचारलं की दुसरंच सांगतात. माझा अनुभव असा, की इतवारीतले बहुतेक जण तळाशी एकदाच करतात, पण हमाली ओळीला रुपयात धरतात.

आणि एकदाच म्हणजे एकदाच. ८,१४९.४९५ आधी पैशात केले तर ८,१४९.५० होतात, मग रुपयात केले तर ८,१५०. थेट केले असते तर ८,१४९. डेटाबेसने एकदा, प्रोग्रॅमने एकदा आणि छापताना एकदा असं तीनदा राउंड झालेलं मी नेहमी पाहते, आणि त्या घरात फरकाचं मूळ कधीच सापडत नाही.

पैसा सोडून इतर ठिकाणी निवड सोपी असते. वय म्हणजे फ्लोअर, कारण सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाला मत देता येत नाही. पेट्या, गाड्या, पानं यांना सील. १,००० किलो संत्री, पेटीत २२ किलो, तर ४५.४५ येतात आणि पेट्या ४६ लागतात. हेही पूर्णांकातच कर. १,००० मध्ये २१ मिळव आणि २२ ने पूर्णांक भागाकार कर.

प्रोग्रॅम दुरुस्त केलास की काकांना द्यायच्या आधी हे आकडे त्यातून काढ: ०.४९, ०.५०, ०.५१, १.५०, २.५०, ८,१५०.५०, −०.५०, −२.५०, −३५०.६०, शून्य, आणि वरची सोयाबीनची पट्टी. प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर आधी कागदावर लिही, मुनीमजींकडून तपासून घे, मग चालव. −०.५० चं उत्तर काय असावं यावर तुमचं बोलणं लांबेल, कारण उचल अर्ध्या रुपयाने उरली तर ती कुणाच्या बाजूने सोडायची, हे काकांनीच ठरवायचं आहे.